प्रौढ विद्यार्थ्याची रोजकीर्द

व्यापाऱ्याच्या पेढीवर परंपरेने दोन वह्या ठेवीत. दिवसभरात जो जमाखर्च होईल तो ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने पहिल्या वहीत उतरविला जाई. तिला रोजकीर्द, किंवा नुसते कीर्द, म्हणत. पुढे सवडीने त्याच नोंदी खातेवार लावून दुसऱ्या वहीत नेत; ती खतावणी. कोणाकडून किती येणे आहे व कोणाचे किती देणे आहे हे खतावणी उघडताच कळते. परंतु अमुक दिवशी पेढीवर काय घडले हे पाहावयाचे झाल्यास कीर्दीकडेच यावे लागते. मनुष्य स्वतःच्या आयुष्याविषयी जे लिहितो त्याचेही असेच दोन प्रकार पडतात. आत्मचरित्र ही खतावणी होय आणि रोजच्या रोज लिहिलेली दैनंदिनी ही कीर्द. संसार, नोकरी आणि वय ह्यांचे ओझे अंगावर आल्यानंतर विद्यापीठाच्या परीक्षेस बसणारा जो प्रौढ विद्यार्थी, त्याच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण मराठीत त्याच्याविषयी जे प्रसिद्ध लेखन सहज हाती येते ते बव्हंशी खतावणीच्या जातीचे आहे.

प्रौढ विद्यार्थी म्हणजे कोण, ह्याचे उत्तर देशपरत्वे बदलते. ब्रिटनमध्ये पहिल्या पदवीसाठी वयाच्या 21 व्या वर्षानंतर प्रवेश घेणाऱ्यास ह्या वर्गात गणण्याची रीत आहे. आपल्याकडे वयापेक्षा परिस्थिती पाहणे अधिक युक्त. शिक्षणात मध्ये खंड पडलेला, घराची किंवा नोकरीची जबाबदारी असलेला आणि त्या जबाबदारीतून सुटका न होताच पुन्हा पुस्तक हाती घेणारा, असा हा विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी निघालेल्या वाटाही फार जुन्या नाहीत. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठास 1969 मध्ये सनद मिळाली व 1971 मध्ये त्याचे अध्यापन सुरू झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले. रविवारी सकाळी अभ्यासकेंद्रावर जमणारा, संमंत्रकाहून कधीकधी वयाने मोठा असणारा विद्यार्थी आता कोणासही नवलाचा वाटत नाही. तथापि त्याचा आठवड्याचा उरलेला काळ कसा जातो हे अभ्यासकेंद्राच्या हजेरीपटावरून समजण्यासारखे नाही.

खतावणीच्या जातीचे लेखन मराठीत समृद्ध आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रमाबाई रानडे ह्यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून केलेल्या शिक्षणाची जी हकीकत त्यात येते ती घडून गेल्याला तोपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. पार्वतीबाई आठवले ह्या तरुण वयात विधवा झाल्यानंतर शिकल्या, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 1918 मध्ये, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी काम करून त्यांनी दिवस काढले. त्यांची 'माझी कहाणी' 1928 मध्ये निघाली. ही दोन्ही पुस्तके अत्यंत प्रांजळ आहेत. असे असले तरी लिहिणाऱ्या व्यक्तीला शेवट ठाऊक होता ही गोष्ट दोहोंतही सारखीच आहे. ज्या रात्री रमाबाईंना दुसऱ्या दिवशी धडा म्हणता येईल की नाही ह्याची शाश्वती नव्हती, त्या रात्रीची शंका 1910 मधील रमाबाईंना जशीच्या तशी परत आणणे शक्य नव्हते.

विद्यापीठीय शिक्षणापुरते बोलावयाचे तर ह्या संदर्भात सर्वांत मोलाचे पुस्तक उर्मिला पवार ह्यांचे 'आयदान' (2003) हे ठरेल. रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे गावच्या ह्या लेखिकेचा जन्म 1945 चा. लग्नानंतर मुंबईत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी, घरी मुले आणि स्वयंपाक, बाहेर चळवळीचे काम, अशा स्थितीत त्यांनी शिक्षण पुढे नेऊन मराठी विषयाची एम.ए. ही पदवी मिळविली. पत्नीने शिकण्यास पतीची उघड मनाई नव्हती. अट होती ती एवढीच की घरातील सर्व कामे आधी उरकलेली असावीत. प्रौढ विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मर्म ह्या अटीत आहे. बंदी असती तर तिच्याविरुद्ध भांडता आले असते. परवानगी आणि तिच्या पोटातली अट ह्यांच्याशी भांडणे फार कठीण, कारण अट घालणाऱ्यास आपण उदार आहोत असेच प्रामाणिकपणे वाटत असते. 'आयदान' हा शब्द कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंसाठी वापरतात. लेखिकेची आई सुपे-टोपल्या विणून घर चालवी, आणि आईचे विणणे व आपले लिहिणे ह्यांचे नाते लेखिकेने स्वतःच सांगितले आहे.

परंतु 'आयदान' हेही आत्मकथन आहे. त्यात एम.ए.ची वर्षे काही पानांत येतात व जातात, आणि तसे होणे रास्तच होय. आत्मकथनास संपूर्ण आयुष्याचा तोल सांभाळावयाचा असतो. ह्या काही पानांच्या मागे प्रत्यक्षात शेकडो दिवस असतात. प्रत्येक दिवशी अटीची पूर्तता आधी आणि पुस्तक नंतर, हा क्रम पुन्हा पुन्हा घडत असतो. खतावणीत त्या सर्वांची मिळून एक रक्कम होते.

कीर्द ठेवली गेली असती तर तीत काय आले असते? उदाहरणादाखल एक दिनचर्या कल्पावी. डोंबिवलीस राहणारी, शासकीय कार्यालयात लिपिक असलेली, त्रेचाळीस वर्षे वयाची एक विद्यार्थिनी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षास बहिःस्थ म्हणून बसली आहे. महिना फेब्रुवारीचा. ती पहाटे साडेचारला उठते, पाणी भरते, तीन डबे करते. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत हे तिला ह्याच वेळी कळते. गाडीत बसावयास जागा मिळत नाही; उभ्याने, एका हाताने कडी धरून, 'लीळाचरित्रा'वरील टिपणाची चार पाने वाचून होतात. कार्यालयात वर्षअखेरीची गडबड आहे. परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या नैमित्तिक रजेतील एक रजा मुलाच्या तापात गेलेली असल्यामुळे आता एका पेपरच्या दिवशी अर्जित रजा मागावी लागणार, आणि ती मंजूर होईल किंवा नाही हे साहेबांच्या मर्जीवर आहे. रात्री घरातील एकुलत्या एका टेबलावर दहावीतला मुलगा बसलेला असतो; त्याची परीक्षाही मार्चातच. तिने ओट्यावर वही ठेवून साडेदहा ते बारा अभ्यास केला, त्यातील अर्धा तास डोळे मिटत होते, असे ती लिहिते. शेवटी एक ओळ येते: म्हाइंभटांनी एवढ्या आठवणी गोळा केल्या तेव्हा त्यांच्या घरी भाकरी कोण भाजत होते?

ही नोंद कल्पित असली तरी तिच्यातील एकही तपशील अपवादात्मक नाही. तिचे मोल कशात आहे ते पाहावे. पहिली गोष्ट अशी की, अभ्यासाचा काळ येथे तासांत मोजलेला आहे आणि त्यातून झोपेचा भाग प्रामाणिकपणे वजा केलेला आहे. वर्षानंतर 'मी रोज रात्री अभ्यास करीत असे' हे वाक्य लिहिताना ही वजाबाकी गळून जाते. दुसरे म्हणजे मुलाच्या परीक्षेशी तिच्या परीक्षेची गाठ टेबलावर पडते. प्रौढ शिक्षणावरील ग्रंथांत अडचणींची जी वर्गवारी आढळते, वेळेचा अभाव, आर्थिक ताण, आत्मविश्वासाची उणीव इत्यादी, तीत टेबलाला स्थान नाही; आणि तरीही आई टेबल सोडते ही घटना वर्गवारीतील कोणत्याही एका खात्यात बसत नाही. ती वेळेच्या खात्यात मांडावी की मायेच्या? तिसरी गोष्ट म्हणजे शेवटची ओळ. उत्तरपत्रिकेत तिला जागा नाही. तरीही चक्रधरांच्या पश्चात, त्यांच्या सहवासात वावरलेल्यांकडून लहानसहान प्रसंग मिळवून ज्या ग्रंथाची रचना झाली, त्याविषयी एखाद्या गृहिणीलाच सुचावा असा तो प्रश्न आहे, आणि तो विचारण्याइतकी ती त्या ग्रंथाच्या जवळ गेली आहे. प्रौढ विद्यार्थ्याचा अनुभव हेच त्याच्या शिक्षणाचे भांडवल असते, असे माल्कम नोल्स ह्यांच्यापासून अनेक शिक्षणशास्त्रज्ञ सांगत आले. ते भांडवल प्रत्यक्षात वापरले जाते त्या क्षणाचा पुरावा मात्र अशा एखाद्या ओळीतच सापडतो.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. दैनंदिनी ही खाजगी वस्तू. ती दुसऱ्याने वाचावी म्हणून लिहिली की तिच्यातील सच्चेपणा उणावतो, असा तो आक्षेप आहे. तो अर्धाच खरा आहे. परक्या वाचकासाठी दैनंदिन जीवन लिहिण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये 1937 साली सुरू झाला. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज व हम्फ्री जेनिंग्ज ह्या तिघांनी 'मास ऑब्झर्व्हेशन' ही संस्था काढून सामान्य नागरिकांना प्रत्येक महिन्याच्या 12 तारखेस आपण काय केले ते लिहून पाठविण्याची विनंती केली. त्यांतील 12 मे 1937 हा दिवस सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचा होता, आणि रस्त्यावरील मिरवणुकीपेक्षा लोकांनी त्या दिवशी काय खाल्ले व काय पुटपुटले हे त्यामुळे अधिक टिकले. पुढे महायुद्धात अनेकांनी संपूर्ण दैनंदिन्या पाठविल्या. बॅरो-इन-फर्नेस येथील नेला लास्ट नावाच्या गृहिणीने 1939 मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, लिहिण्यास प्रारंभ केला तो जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 1966 पर्यंत, चालू ठेवला. हे सर्व कागद आता ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि 1981 पासून तेथे नव्याने असे लेखन मागविले जाऊ लागले.

नेला लास्ट विद्यार्थिनी नव्हत्या. तरीसुद्धा त्यांच्या दैनंदिनीवरून प्रस्तुत विषयासंबंधी एक महत्त्वाची गोष्ट कळते. कोणीतरी अनोळखी मनुष्य हे वाचणार आहे ह्या जाणिवेने त्यांचे लेखन संकोचले नाही. उलट घरात जे बोलता येत नव्हते ते त्या अनोळखी वाचकास त्यांनी सांगितले. युद्धकाळात स्वयंसेवी कामासाठी घराबाहेर पडल्यानंतर पतीच्या मर्जीभोवती फिरणारे आपले आयुष्य त्यांना कसे दिसू लागले, हे त्या पानांतून हळूहळू उलगडत जाते. ज्याला ओळखत नाही असा वाचक हा नेहमीच अडथळा असतो असे नव्हे. खरा अडथळा ओळखीचा वाचक. प्रौढ विद्यार्थ्याच्या घरी तर तो पुढच्याच खोलीत असतो.

ह्या ठिकाणी प्रश्न नाजूक होतो. तरुण विद्यार्थी वसतिगृहातील दिवसांविषयी लिहितो तेव्हा त्याच्या लेखनात येणारी माणसे फार तर खोलीतील सोबती असतात. प्रौढ विद्यार्थी स्वतःचा दिवस लिहू लागला की त्यात पती किंवा पत्नी, आजारी वडील, नापास झालेली मुलगी, कार्यालयातील वरिष्ठ हे सारे अपरिहार्यपणे येतात. त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. टेबलावर बसलेल्या त्या मुलाला, आपण आईची जागा अडविली हे वीस वर्षांनी छापील स्वरूपात वाचावयास आवडेल काय? 'मास ऑब्झर्व्हेशन'ने लेखकांना नावाऐवजी क्रमांक देऊन ह्यातून वाट काढली. ती वाट परक्यांपुरती पुरेशी आहे. घरच्या माणसाला क्रमांकामागील स्वयंपाकघर ओळखण्यास क्षणही लागत नाही. त्यामुळे पुष्कळ लेखक एक सोयीचा मार्ग पत्करतात: घरच्यांविषयी फक्त चांगले लिहावयाचे आणि तक्रारीचा सगळा भार रेल्वे, महागाई व विद्यापीठाचे परीक्षा विभाग ह्यांच्यावर टाकावयाचा. अशी दैनंदिनी वाचणाऱ्या संशोधकाने परीक्षा विभागाविषयीच्या लांबलचक तक्रारीपाशी थांबून, त्या दिवशी घरात काय झाले असावे असे स्वतःस विचारणे इष्ट.

रोजच्या लेखनाने अभ्यासाला मदत होते की तो वेळ अभ्यासातूनच वजा होतो? ह्याविषयी मानसशास्त्रातील काही प्रयोगांचा आधार देण्यात येतो. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर ह्यांनी एका सहकाऱ्यासह 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या घटनांविषयी लिहावयास सांगितले होते. ज्यांनी घटना व भावना दोन्ही लिहिल्या त्यांना पुढील काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याची गरज तुलनेने कमी पडली. नंतर अशा शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा परिणाम दिसून आला खरा, पण तो अगदी लहान होता. प्रौढ विद्यार्थ्यास हे निष्कर्ष लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. मूळ प्रयोगातील मुलांना ती पंधरा मिनिटे प्रयोगशाळेने दिली होती. रात्री बारा वाजता ओट्यावर लिहिणाऱ्या स्त्रीला ती झोपेतून काढावी लागतात.

त्यापेक्षा अधिक निश्चित असा एक लाभ आहे, आणि तो अगदी साधा आहे. वीस वर्षे ज्याने अर्ज, टिपणी आणि वाणसामानाची यादी ह्यांपलीकडे काही लिहिले नाही त्याला तीन तासांची उत्तरपत्रिका लिहिणे शारीरिकदृष्ट्याच जड जाते. बोटे आखडतात, वाक्य अर्ध्यावर सुटते. रोज पानभर लिहिणाऱ्याचा हात चालू राहतो. मात्र हाताबरोबर भाषाही चालू राहते हे पुष्कळदा लक्षात येत नाही. कार्यालयीन मराठी, 'उपरोक्त विषयास अनुसरून', ही ज्याच्या अंगात मुरलेली आहे असा विद्यार्थी उत्तरपत्रिकेतही तीच भाषा लिहितो. ज्ञानेश्वरांविषयी लिहितानाही तो एखादा प्रस्ताव सादर करीत असल्यासारखा भासतो. दैनंदिनीत तो ह्या भाषेने फार काळ लिहू शकत नाही. पाणी गेले, दूध उतू गेले, पोर रडले, ह्या क्रियापदांना शासकीय प्रतिशब्द नाहीत. घरची बोली तेथे आपोआप उतरते. 'आयदान'मधील संवादांत कोकणातील बोली जशी जिवंत राहिली तशी ती अनेकांच्या वह्यांत राहू शकेल, आणि पदवीने प्रमाणभाषा शिकविली म्हणून बोली टाकावी लागत नाही हे लिहिणाऱ्यास तेथेच प्रथम उमगते. भाषाभ्यासकांना ह्या एका कारणासाठीही अशा वह्या हव्या असाव्यात.

ह्या लेखनाचे दोषही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ते असमान असते. परीक्षेचा दिवस चार पाने व्यापतो. सामान्य मंगळवार एका ओळीत संपतो, आणि संशोधकाला हवा असतो तो मंगळवारच. दिवाळी ते नाताळ ह्या काळात कित्येकदा काहीच लिहिलेले नसते. परंतु कोऱ्या पानांनाही अर्थ असतो. ज्या आठवड्यात नोंद नाही त्या आठवड्यात बहुधा अभ्यासही झालेला नसतो, आणि त्याचे कारण पुढील नोंदीत एखाद्या तुटक शब्दात असते: 'दवाखाना', 'गावी', 'पाहुणे'.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र निराळीच आहे. आत्मचरित्र तोच लिहितो जो पोहोचला. रमाबाई, पार्वतीबाई, उर्मिला पवार ह्या सर्व पोहोचलेल्या आहेत, आणि त्यांच्या हकीकती वाचून जी कल्पना मनात तयार होते ती अशी की जिद्द असली म्हणजे मनुष्य पोहोचतोच. जे पोहोचले नाहीत त्यांचे काय? दुसऱ्या वर्षी ज्याने अर्ज भरला आणि परीक्षेस बसला नाही, विलंबशुल्क भरण्यापेक्षा मुलीची फी भरणे ज्याने पसंत केले, ज्याला अर्जित रजा मिळाली नाही, त्याने आत्मचरित्र लिहिलेले नाही आणि लिहिण्याचा संभवही नाही. विद्यापीठाच्या दप्तरात तो 'अनुपस्थित' ह्या एका शब्दापुरता शिल्लक राहतो. पेढीवर कीर्दीतील प्रत्येक नोंद पुढे खतावणीत न्यावीच लागते. आयुष्यात तसे होत नाही, आणि पुष्कळ नोंदींना पुढे कोणतेच खाते मिळत नाही. अनुपस्थित विद्यार्थ्याची जिद्द उपस्थिताहून कमी होती की त्याचे टेबल लहान होते, ह्याचा निर्णय करावयाचा तर त्याने परीक्षा सोडण्यापूर्वीच्या दिवसांत लिहिलेले काहीतरी हाती असावे लागते.

असे कागद मुळातच नाहीत असे समजण्याचे कारण नाही. प्रौढ विद्यार्थी टिपणांची वही बहुधा एकच वापरतो. पुढून अभ्यास आणि मागून घरखर्च, औषधांची नावे, गाड्यांच्या वेळा, मधूनच चार ओळी मनातल्या. परीक्षा झाली किंवा सुटली की टिपणे चांगली असल्यास ती पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यास दिली जातात, आणि देण्यापूर्वी मागची पाने फाडून टाकली जातात. टिपणे चांगली नसल्यास सबंध वहीच रद्दीत जाते. अभ्यासकेंद्रांनी परीक्षेनंतर अशा वह्या, नाव झाकून व लेखकाच्या लेखी संमतीने, विभागाकडे ठेव म्हणून मागितल्या तर त्या मिळणे अशक्य नाही. अनुपस्थित राहिलेल्यांकडे मात्र त्यांच्या घरी जाऊन त्या मागाव्या लागतील, कारण परीक्षेनंतर ते केंद्रावर येत नाहीत.